कालबाह्य संग्रहसूची आणि तिचा पत्ता

एखाद्या प्रबंधाच्या तळटिपेत संदर्भ दिलेला असतो: अमुक व्यक्तीचा कागदपत्रसंग्रह, पेटी १४, नस्ती ६. वीस वर्षांनी दुसरा अभ्यासक तो संदर्भ पडताळण्यासाठी त्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जातो, तेव्हा त्याच संग्रहाची नवी सूची त्याच्यासमोर येते आणि तिच्यात पेट्या एकूण नऊच असतात. कागद हरवलेले नसतात. मधल्या काळात संग्रहाची पुन्हा मांडणी झालेली असते, दुबार प्रती बाजूला काढलेल्या असतात, पत्रव्यवहार वेगळा लावलेला असतो आणि पेट्यांना नवे क्रमांक मिळालेले असतात. जुन्या क्रमांकावरून नव्या क्रमांकाकडे जाण्याची वाट फक्त जुन्या सूचीतून निघते, आणि ती सूची कालबाह्य झाली म्हणून संकेतस्थळावरून काढून टाकलेली असते. पहिल्या अभ्यासकाने दिलेला पुरावा खरा असूनही तो आता तपासता येत नाही.

अभिलेखागारांच्या व्यवहारात जिला 'फाइंडिंग एड' म्हणतात तिला या लेखात मी संग्रहसूची म्हणणार आहे. संग्रह कोणाचा, तो संस्थेकडे कसा आला, त्यात कोणकोणत्या कागदांच्या मालिका आहेत, कोणत्या पेटीत काय आहे आणि कोणते कागद पाहण्यावर बंधने आहेत, हे सारे ती सांगते. ग्रंथालयातील पुस्तकाची नोंद आणि ही सूची यांत मोठा फरक आहे. पुस्तकाची दुसरी प्रत दुसरीकडे मिळते आणि मुखपृष्ठ पाहून पुस्तक ओळखता येते. अभिलेखागारातील पेटी मात्र बाहेरून मुकी असते. सूचीशिवाय ती उघडण्याचे कारणच कोणाला सापडत नाही. म्हणून अशा सूचीची नवी आवृत्ती तयार झाल्यावर जुनीचे काय करायचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो सार्वजनिक पुराव्याचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की कालबाह्य सूची शोधाच्या मुख्य वाटेवरून अवश्य दूर करावी, पण तिच्या पत्त्यावरून ती कधीही नाहीशी करू नये, आणि ती दूर करण्याची कृती तारखेसह व कारणासह नोंदवून सर्वांना दिसेल अशी ठेवावी.

सूची जुनी का होते, हे आधी पाहायला हवे, कारण प्रत्येक कारणावरचा उपाय सारखा नाही. सर्वांत साधे कारण म्हणजे संग्रहात भर पडते: दात्याच्या कुटुंबाकडून आणखी कागद येतात आणि सूचीतील आकारमान चुकीचे ठरते. काही सूची मुळातच तात्पुरत्या असतात. २००५ साली मार्क ग्रीन आणि डेनिस मायस्नर यांनी अमेरिकी अभिलेखपालांच्या नियतकालिकात असा युक्तिवाद केला, की प्रत्येक कागद हाताळून सूक्ष्म मांडणी करण्याच्या हट्टामुळे कित्येक संग्रह वर्षानुवर्षे बंद पेट्यांत पडून राहतात, तेव्हा आधी ढोबळ वर्णन करून संग्रह खुला करावा आणि तपशील गरजेनुसार भरावेत. ही पद्धत पुढे अनेक संस्थांनी स्वीकारली. पहिली सूची कधीतरी मागे पडणार, हे अशा वेळी आरंभापासूनच गृहीत धरलेले असते. याखेरीज व्यक्तींची ओळख दुरुस्त होते, बंधनाची मुदत संपून कागद खुले होतात, आणि कधीकधी संपूर्ण संग्रह दुसऱ्या संस्थेकडे जातो. शेवटच्या प्रसंगी जुनी सूची ही संग्रह कधीकाळी इथे होता याची जवळपास एकमेव जाहीर खूण असते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. संगणकीय सूचींसाठीचे 'ईएडी' हे मानक १९९३ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून घडले. त्याची पहिली आवृत्ती १९९८ साली, दुसरी २००२ साली आणि तिसरी २०१५ साली आली. या काळात संस्थांनी आपल्या टंकलिखित सूची मोठ्या प्रमाणावर संगणकावर चढवल्या. त्यामुळे एखाद्या सूचीच्या पानावर २००३ हे वर्ष दिसत असले, तरी त्यातील वर्णन त्याच्या कितीतरी आधीचे असू शकते. आपण ज्याला वीस वर्षांपूर्वीची सूची समजून हटवतो, ती प्रत्यक्षात कितीतरी जुनी आणि दोन-तीन पिढ्यांच्या अभिलेखपालांच्या हातांखालून गेलेली असू शकते.

हटवण्याच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे. एकाच संग्रहाच्या दोन सूची शोधात समोर आल्या, तर वाचकाने कोणती खरी मानायची? बाहेरचे शोधयंत्र बहुतेकदा जुन्या पानाला वर दाखवते, कारण वर्षानुवर्षे इतरांनी त्याच पानाचे दुवे दिलेले असतात. वाचक जुन्या क्रमांकाची पेटी मागवतो, वाचनकक्षातील कर्मचारी ती शोधत राहतात, आणि दूरवरून आलेल्या माणसाचा एक दिवस वाया जातो. याहून गंभीर प्रकार म्हणजे जुन्या सूचीत 'खुले' म्हणून नोंदवलेले कागद नंतर बंद झालेले असणे, किंवा याच्या उलट, बंदीची मुदत उलटून गेल्यावरही जुनी सूची वाचून अभ्यासकाने ते कागद मागण्याचा विचारच सोडून देणे. हा दुसरा तोटा मोजता येत नाही, कारण न आलेल्या वाचकाची नोंद कुठेच होत नसते. म्हणून जुन्या सूची आहेत तशा, कोणत्याही सूचनेविना उघड्यावर पडू देणे हा पर्याय मला मान्य नाही.

परंतु 'हटवणे' या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या कृती कोंबतो. एक म्हणजे शोधाच्या निकालांतून वस्तू बाजूला करणे, दुसरी म्हणजे ती वस्तूच नष्ट करणे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिलेला जो निकाल 'विसरले जाण्याचा अधिकार' या नावाने ओळखला जातो, त्यात हा भेद स्पष्ट दिसतो. एका स्पॅनिश नागरिकाच्या जुन्या कर्जासंबंधीची वृत्तपत्रातील सूचना त्याच्या नावाने शोध घेतल्यावर समोर येऊ नये, असा आदेश शोधयंत्राला मिळाला. वृत्तपत्राच्या संग्रहातील मूळ पान मात्र तसेच राहिले. व्यक्तीच्या खासगीपणाचा इतका जिव्हाळ्याचा प्रश्न असताना जर शोधाची वाट आणि मूळ नोंद यांत फरक करता येतो, तर पेट्यांचे क्रमांक बदलले एवढ्या कारणासाठी मूळ नोंदच पुसून टाकणे किती असमर्थनीय आहे, हे वेगळे सांगायला नको.

संग्रहसूचीकडे आपण केवळ एक साधन म्हणून पाहतो, म्हणून साधन जुने झाले की टाकून द्यावे असे वाटते. प्रत्यक्षात ती स्वतःच एक दस्तऐवज असते. अमुक वर्षी या संस्थेच्या ताब्यात काय होते, ते कोणत्या क्रमाने होते आणि सांभाळणाऱ्यांना त्याविषयी काय ठाऊक होते, याची ती साक्ष आहे. या साक्षीची किंमत चोरांनी बरोबर ओळखलेली आहे. जुलै २०११ मध्ये बाल्टिमोर येथील मेरीलँड ऐतिहासिक संस्थेच्या वाचनालयात दोघांना पकडण्यात आले. पुढच्या तपासात त्यांनी अनेक संस्थांमधून ऐतिहासिक कागदपत्रे पळवल्याचे उघड झाले आणि त्यांतील मुख्य आरोपीला २०१२ साली सात वर्षांची शिक्षा झाली. सरकारी पक्षाने या प्रकरणात मांडलेला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: कागदाबरोबर ते काही वेळा त्याचे सूचीपत्र आणि संग्रहसूचीची पानेही घेऊन जात, म्हणजे काही नाहीसे झाले आहे हेच संस्थेला कळू नये. एखादे पत्र १९८५ सालच्या सूचीत नाव घेऊन नोंदलेले असेल आणि नव्या, ढोबळ सूचीत 'पत्रव्यवहार, एक पेटी' एवढेच लिहिलेले असेल, तर जुनी सूची पुसणारी संस्था नकळत चोराचे काम सोपे करून देते.

चोरी नसली तरी मुद्दा उरतोच. मांडणी हा निर्णय असतो. नातेसंबंधांनुसार लावलेली पत्रे कोणी कालक्रमाने लावली, तर संग्रहाचा अर्थ बदलतो. कागद ज्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या कामकाजातून निर्माण झाले त्यांच्याशी त्यांचे असलेले नाते मोडू नये, हे तत्त्व १८४१ सालच्या एका फ्रेंच परिपत्रकापासून अभिलेखशास्त्राच्या पायाशी आहे. कोणत्याही पुनर्मांडणीत या नात्याला थोडासा धक्का बसू शकतो आणि तो कुठे बसला हे कळण्यासाठी आधीची मांडणी दिसावी लागते. जुन्या सूचीशी नवी ताडून पाहणे हाच ते कळण्याचा मार्ग. ग्रंथालयांनी हा धडा एकदा महागात घेतलेला आहे. संगणकीय तालिका आल्यावर अनेक ठिकाणी कार्डांच्या तालिका फेकून दिल्या गेल्या आणि कार्डांच्या कडेला ग्रंथपालांनी पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा त्यांच्यासोबत गेल्या, कारण त्या संगणकात उतरवण्याची जागाच ठरवलेली नव्हती. ग्रंथालयांना तालिकेची कार्डे छापून पुरवणाऱ्या ओसीएलसी या संस्थेने शेवटची छापील कार्डे १ ऑक्टोबर २०१५ रोजी काढली. पण पुष्कळ ठिकाणची माहिती त्याच्या बरीच आधी नाहीशी झाली होती.

आता पत्त्याविषयी. छापील ग्रंथाच्या दोन आवृत्त्या कपाटात शेजारी उभ्या राहू शकतात, आणि १९७० ची आवृत्ती उद्धृत करणाऱ्याला १९९० च्या आवृत्तीने कोणी गप्प करत नाही. संगणकावर मात्र नवी आवृत्ती बहुधा जुनीच्या जागेवर बसते. हार्वर्ड विधी विद्यालयातील संशोधकांनी २०१३-१४ च्या सुमारास तपासले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या दुव्यांपैकी सुमारे ५० टक्के दुवे मूळ संदर्भित मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. विधिविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. न्यायालयाच्या निकालांची ही अवस्था असेल, तर प्रबंध आणि लेख यांतील संदर्भांविषयी वेगळी आशा बाळगण्याचे कारण नाही. बेपत्ता मजकुरामागे बहुतेक वेळा कोणाचा दुष्ट हेतू नसतो. संकेतस्थळाची 'साफसफाई' एवढे कारण पुरते. साफसफाईचा हा अधिकार अभिलेखागाराने तरी इतक्या सहजपणे वापरू नये, असे मला मनापासून वाटते, कारण इतरांनी टाकलेले जपणे हेच तर त्याचे अस्तित्वाचे कारण आहे.

२००१ साली सुरू झालेल्या 'आर्क' या कायमस्वरूपी ओळखक्रमांकाच्या योजनेत एक शहाणपणाचा विचार आहे: टिकाऊपणा हा अक्षरे-अंकांच्या साखळीचा गुण नाही, तो संस्थेने दिलेल्या आणि पाळलेल्या वचनाचा गुण आहे. म्हणूनच त्या योजनेत ओळखक्रमांकाला जोडून संस्थेचे टिकवणुकीविषयीचे विधान मागण्याची सोय ठेवलेली आहे. संशोधनाची विदा, म्हणजे डेटा, साठवणाऱ्या भांडारांमध्येही अशीच प्रथा आहे. एखादा विदासंच मागे घेतला गेला, तरी त्याच्या पत्त्यावर एक छोटे पान ठेवले जाते, ज्यावर इथे काय होते, ते कधी आणि का काढले, आता त्याऐवजी काय पाहावे, हे लिहिलेले असते. या पानाला ते लोक थडग्यावरच्या शिळेचे नाव देतात. संग्रहसूचीच्या बाबतीत तर मजकूर गाडण्याचीही गरज नाही. त्या शिळेखाली जुनी सूची पूर्णपणे वाचता येईल अशी ठेवता येते.

इथे एका सोयीच्या उपायाविषयी सावध राहायला हवे. अनेक ठिकाणी जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला काही न सांगता थेट नव्या सूचीकडे वळवले जाते. '४०४', म्हणजे पान सापडले नाही, असे कोरडे उत्तर देण्यापेक्षा हे बरे वाटते, पण यात एक फसगत आहे. वाचकाला वाटते की तळटिपेत ज्या पानाचा आधार घेतला होता तेच पान आपण पाहत आहोत. तिथे पेटी १४ नाही हे पाहून तो लेखकाला निष्काळजी ठरवतो. चूक संस्थेने केलेली असते आणि दोष लेखकाच्या माथी येतो. म्हणून वळवायचेच असेल, तर मधे थांबा हवा: 'या सूचीची जागा अमुक तारखेला नव्या सूचीने घेतली आहे, पेट्यांचे क्रमांक बदलले आहेत, जुने व नवे क्रमांक येथे ताडून पाहा.' तीन वाक्यांचे हे काम आहे. क्रमांकांचा तक्ता पुनर्मांडणी करणाऱ्याच्या हाताशी त्या वेळी असतोच. तो त्या आठवड्यात जपला नाही, तर नंतर कितीही श्रम घेऊन पुन्हा तयार करणे जवळजवळ अशक्य होते.

व्यवसायाची मानकेही याच दिशेने बोट दाखवतात. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या 'इसाड-जी' या वर्णनमानकाच्या दुसऱ्या आवृत्तीतील २६ घटकांमध्ये वर्णन कोणी व कशाच्या आधारे केले, कोणते नियम वापरले आणि ते कधी तयार किंवा सुधारित केले, हे नोंदवण्यासाठी स्वतंत्र जागा आहे. अमेरिकी अभिलेखपालांच्या संघटनेच्या 'डॅक्स' या मानकाची सुधारित तत्त्वे सांगतात, की अभिलेखपालांनी दस्तऐवजांवर केलेल्या आपल्या कृती नोंदवाव्यात आणि त्या इतरांना सापडतील अशा ठेवाव्यात. ईएडीमध्येही फेरबदलांच्या इतिहासासाठी घटक आहे. अडचण अशी, की हा घटक कित्येकदा रिकामा राहतो, आणि भरलेला असला तरी वाचकाला दिसणाऱ्या पानावर तो येतोच असे नाही. आणि 'सुधारणा केली' एवढी नोंद असली तरी काय सुधारले हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी आधीची आवृत्ती लागते.

सर्वांत कठीण प्रश्न भाषेचा आहे. अनेक जुन्या सूचींमध्ये वांशिक गट, अपंग व्यक्ती, मनोरुग्ण, स्त्रिया आणि वसाहतींतील जनता यांच्याविषयी जी भाषा वापरलेली आहे ती आज वाचवत नाही. ती बदलण्याच्या प्रयत्नांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. आपल्या पूर्वजांचे कागद शोधायला आलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत अपमान सोसावा लागणे ही सूचीची अपूर्णता आहे, आणि ती दुरुस्त करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. पण नवी भाषा लिहून जुनी पूर्णपणे पुसून टाकली, तर संस्थेने दशकानुदशके त्या लोकांना काय म्हटले होते याचा पुरावाही पुसला जातो. मग ज्यांना तसे म्हटले गेले त्यांनी तक्रार केली, तर संस्था सहज म्हणू शकते की आमच्या नोंदीत असे काही नाही. अपमानाची नोंद मिटवण्याचा अधिकार अपमान करणाऱ्याच्या हाती एकतर्फी असू नये. जुना मजकूर समोर येणार नाही, पण सूचना वाचून जाणीवपूर्वक मागणाऱ्याला मिळेल, अशी व्यवस्था करता येते. आणि ती कशी असावी हे ठरवताना संबंधित समाजाचे मत निर्णायक मानावे. त्यांनी एखादा मजकूर सर्वांसाठी बंदच ठेवा म्हटले, तर तो बंद ठेवावा. बंद ठेवणे आणि नष्ट करणे यांत फरक आहेच.

खासगीपणाच्या बाबतीत मी अधिक पुढे जायला तयार आहे. जुन्या सूचीत रुग्णाचे नाव व आजार, दत्तक गेलेल्या मुलाची ओळख, एखाद्या खबऱ्याचे नाव किंवा हयात व्यक्तीचा पत्ता आला असेल, तर तो भाग त्याच दिवशी दिसेनासा व्हायला हवा. समितीच्या बैठकीची वाट पाहण्याचे कारण नाही. युरोपीय विदा-संरक्षण नियमात सार्वजनिक हितासाठी केलेल्या अभिलेख-जतनाला माहिती पुसण्याच्या अधिकारापासून काही अटींवर सूट आहे, पण सूट आहे म्हणून माणसाला इजा होऊ द्यावी असे नाही. तरीही संपूर्ण सूची गायब करण्याऐवजी ते शब्द झाकून 'इथे व्यक्तिगत माहिती असल्याने मजकूर झाकला आहे' एवढे लिहिले, तर व्यक्तीचेही रक्षण होते आणि सूचीची साक्षही टिकते.

खर्चाचा आक्षेप साठवणुकीच्या बाबतीत टिकत नाही. एका संग्रहसूचीचा मजकूर हा मजकूरच असतो. एका छायाचित्राच्या जागेत अशा अनेक सूची मावतात. खरा खर्च माणसांच्या वेळेचा आहे, आणि दोन-तीन कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या संस्थेला तो जाणवतो, हे मी नाकारत नाही. अशा संस्थेने प्रत्येक शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी नवी आवृत्ती जपावी असे कोणी म्हणणार नाही. पेट्यांचे क्रमांक, मालिकांचा क्रम, बंधने, मालकी आणि व्यक्तींची किंवा समूहांची नावे यांपैकी काही बदलले, तर जुनी प्रत तारीख घालून ठेवावी. बाकीच्या दुरुस्त्या बिनदिक्कत जुन्या मजकुरावरच कराव्यात. पुनर्मांडणीला जेवढे महिने लागतात त्यांच्या तुलनेत हे काम एका दुपारचे आहे.

अनेक संस्थांच्या सूची एकत्र दाखवणारी जी सामायिक संकेतस्थळे आहेत, त्यांच्यावर वेगळी जबाबदारी येते. सूची लिहिणारी संस्था एक, दाखवणारी दुसरी. एकीने काढली तरी दुसरीकडे राहते, किंवा दोन्हीकडे वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या दिसतात. अशा ठिकाणी 'सूची काढा' हे बटण सहभागी संस्थेला जितके सहज मिळते तितक्याच सहज 'सूची मागे घ्या, नवीशी जोडा, कारण लिहा' हा पर्याय मिळाला पाहिजे, आणि पहिल्यापेक्षा दुसरा आधी दिसला पाहिजे. घाईत असलेला माणूस समोर असलेलेच बटण दाबतो.

राहता राहिल्या आजवर पुसल्या गेलेल्या सूची. त्यांतील काही परत मिळवता येतील. १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये काही पाने असतील. संस्थेच्या जुन्या संगणकांवर मूळ फायली असतील, कधी निवृत्त कर्मचाऱ्याने स्वतःजवळ ठेवलेली प्रत असेल. आणि बऱ्याच वाचनकक्षांत, चौकशीच्या टेबलामागच्या फळीवर, टंकलिखित सूचींच्या जाड फायली अजून उभ्या आहेत. त्यांच्या समासात कोणीतरी पेनाने क्रमांक खोडून नवे लिहिले आहेत. पेटी १४ चे काय झाले, हे कदाचित तिथेच लिहिलेले असेल. त्या फळ्या रिकाम्या करण्याचे ठरण्याआधी त्यांतील पानांची छायाचित्रे घेऊन ती संबंधित संग्रहाच्या पत्त्यावर ठेवण्याचे काम कोणत्याही संस्थेला या महिन्यात सुरू करता येईल.